मोतीबिंदू झालेल्या केबीआर प्लेटी: साफ कशा करता, ठेवता कुठे?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. आमचं एफटीआयआर (नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो ते आलेखावर, म्हणजे स्पेक्ट्रमवर, दाखवणारं यंत्र) जुनं आहे, पण धडधाकट. द्रव नमुन्याचा थेंब मध्ये दाबायला पोटॅशियम ब्रोमाइडच्या (यापुढे केबीआर; मिठासारखाच पाण्यात विरघळणारा क्षार) गोल प्लेटींच्या तीन जोड्या आहेत. मे महिन्यात त्या काचेसारख्या लख्ख होत्या. सुट्टी संपवून जूनअखेर डबा उघडला तर सहाही प्लेटींत मोतीबिंदू उतरलेला. खाली वर्तमानपत्र ठेवलं तर मथळासुद्धा वाचता येईना.

गेल्या आठवड्यात मुलांना ओळखायला इथाइल बेंझोएट हे एस्टर दिलं होतं. बारापैकी नऊ जणांनी आलेखावर ३४०० च्या (हे सगळे आकडे सेंमी⁻¹ मध्ये) आसपासचा रुंद डोंगर बघून वहीत 'अल्कोहोल' लिहिलं. मुलांना काय बोलणार, डोंगर आहेच तिथे! म्हणून नमुना न लावता नुसत्या प्लेटी टाकून बघितल्या. ३४०० आणि १६४० ला पाणी दिसलं, ते समजलं. पण १२६० ला एक टोकदार पीक, ८०० ला एक, आणि १००० ते ११०० मध्ये काहीतरी बसकं, हे कुठून आलं?

आमची पद्धत अशी: काम झालं की वॉश बॉटलमधल्या ॲसिटोनने धुवायच्या, टिश्यूने पुसायच्या, डेसिकेटरमध्ये (पाणी ओढणारं सिलिका जेल घातलेलं हवाबंद भांडं) ठेवायच्या. डेसिकेटर बल्बच्या कपाटात असतो. गेली आठ वर्षं हेच चाललंय आणि आजवर कधी एवढं बिघडलं नव्हतं. या प्लेटी वाचतील का? की प्राचार्यांकडे नव्यांचा अर्ज टाकू? (उत्तर काय येईल ते माहीत आहे.)

गल्लीतला_न्यूटन
धाग्याचं नाव वाचून नेत्रतज्ज्ञांचा धागा समजून आलो होतो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

रंगाण्णा
मीठभाकर ताई, अर्ज टाकू नका. प्लेटी वाचतात. मी सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो, त्यातली निम्मी मिठाच्या खिडक्या (म्हणजे अशाच प्लेटी) घासण्यात गेली असतील. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

क्यूसी_वाली
मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. पहिला संशय ॲसिटोनवर. वॉश बॉटलमधलं ॲसिटोन कधीच कोरडं नसतं. नळी उघडी, बाटली दिवसभर टेबलावर, हवेतलं पाणी ते पीत बसतं. तुम्ही प्लेट धुताय असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात तिला रोज थोडं थोडं पाणी पाजताय. आमच्याकडे केबीआर, सोडियम क्लोराइडच्या प्लेटींना कोरडं क्लोरोफॉर्म नाहीतर डायक्लोरोमिथेन, तेही फ्यूम हूडमध्ये. सूचना लिहिलेला कागद हूडच्या काचेवरच चिकटवलाय, कारण दर सहा महिन्यांनी नवा मुलगा येतो आणि पहिल्याच दिवशी मिथेनॉल उचलतो.

वऱ्हाडी_ठेचा
जुने लोक कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचे ना भाऊ? आमचे सर अजून त्याची आठवण काढून उसासे टाकतात.

क्यूसी_वाली
@वऱ्हाडी_ठेचा, वापरायचे. यकृताला वाईट आणि ओझोनलाही वाईट, मॉन्ट्रियल करारानंतर ते हळूहळू कपाटातून गेलं. सरांना म्हणावं, उसासे टाका पण हूडमध्ये टाका.

ढगाळ
पाण्याचा आणखी एक चोरदरवाजा आहे. ॲसिटोन झटकन उडतं आणि उडताना प्लेटीची उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट लावल्यावर गार लागतं, तसंच. आता तुमच्याकडची जुलैची हवा धरा, २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश येतो. म्हणजे प्लेट तीनच अंशांनी गार झाली की तिच्यावर दव. वर टिश्यूने पुसलंत की ते दव मिठात घोळवून सगळीकडे सारखं पसरलं. मोतीबिंदू तयार!

डायक्लोरोमिथेन तर आणखी लवकर उडतं, तेव्हा क्यूसी_वाली ताईंचा उपाय त्यांच्या एसी लॅबमध्ये ठीक, कोकणात तोही गोत्यात आणेल. धुण्याआधी प्लेट किंचित कोमट असू द्या. इन्फ्रारेड दिव्याखाली हात धरवेल इतपत अंतरावर ठेवा, धुतल्यावर परत तिथेच.

क्यूसी_वाली
@ढगाळ, हे मान्य. आमच्याकडे २४ अंश आणि ५५ टक्क्यांच्या आत असतं, म्हणून कधी जाणवलं नाही.

गल्लीतला_न्यूटन
डब्यात तांदळाचे दाणे टाका की. आमची आजी मिठाच्या बरणीत टाकायची. ह.घ्या.

सैंधव
हलकं कशाला घ्यायचं, मुद्दा रसाळ आहे. अवांतर होतंय, पण राहवत नाही.

शुद्ध सोडियम क्लोराइड २५ अंशांना हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेल्याशिवाय पाघळत नाही. तरी स्वयंपाकघरातलं खडेमीठ त्याच्या कितीतरी आधी ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी धरायला लागतं. मिठागरात वाफे पिकायला लागले की उरलेलं कडू पाणी काढून टाकतात ते या मॅग्नेशियमसाठीच. तांदूळ थोडंफार पाणी ओढतो, पण सिलिका जेलची सर त्याला नाही. शिवाय तांदळाची पांढरी भुकटी प्लेटीवर बसली की स्पेक्ट्रममध्ये स्टार्च. मुलं मग 'अल्कोहोल'च्या जागी 'भात' लिहितील.

वऱ्हाडी_ठेचा
हे भारी! पण मग केबीआर तर मिठापेक्षा जास्त विरघळतं, म्हणजे ते आधी पाघळत असणार ना? आमच्याकडे तेच शिकवतात.

सैंधव
विरघळतं जास्त हे खरं. २० अंशांना १०० मिली पाण्यात मीठ ३६ ग्रॅम, केबीआर ६५ च्या घरात. पण पाघळायला त्याला ८१ टक्के आर्द्रता लागते, मिठाला ७५. म्हणजे केबीआर थोडं उशिरा हार मानतं, पण एकदा मानली की पार लोटांगण. कोकणात जुलैत दोघांचीही धडगत नाही.

रंगाण्णा
आलो. आता निवांत लिहितो.

प्लेट हातात घ्यायची ती कडेला धरून, आणि बोटांना रबरी टोपणं घालून. बोटाचा घाम म्हणजे खारट पाणीच, ठसा कायमचा उमटतो. आमचे साहेब प्लेटीवर वाकून बोलू द्यायचे नाहीत, श्वासाने धुकं येतं म्हणून. आम्ही हसायचो. करोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा मला साहेब आठवले.

घासायचं असं. जाड सपाट काच घ्या, तिच्यावर मऊ सुती कापड ताणून बसवा, सुरकुती नको. कापडाच्या अर्ध्या भागावर अगदी बारीक ॲल्युमिना किंवा रूज टाका. रूज म्हणजे सराफ सोन्याला झिलई द्यायला वापरतात ती लाल पूड, आयर्न ऑक्साइड. त्यावर इथेनॉलचे चारपाच थेंब. इथे मात्र किंचित पाणी असलेलं चालतं, उलट हवंच, कारण वरचा खराब थर थोडा विरघळूनच निघतो. प्लेट त्यावर मराठी चाराचा आकडा काढल्यासारखी फिरवायची, दाब सगळीकडे सारखा. एकाच बाजूला जोर दिलात तर प्लेट पाचरीसारखी होते. दहापंधरा फेरे झाले की लगेच, न थांबता, कापडाच्या कोरड्या भागावर ओढून घ्यायची. सगळी कला या शेवटच्या दोन सेकंदांत आहे. ओली प्लेट उचलून बघायला गेलात की परत धुकं.

खड्डे पडले असतील तर आधी बारीक पॉलिश पेपरवर कोरडीच घासा, मग वरचं सगळं. पहिली प्लेट बिघडणार हे धरूनच चाला, तेव्हा सगळ्यात वाईट दिसते ती आधी घ्या. आणि हे काम उन्हाच्या दुपारी करा, पाऊस कोसळत असताना नको.

पेणकर_बाप्पा
अण्णा, दंडवत. वाचनखूण साठवली.

खल_आणि_बत्ता
प्लेटींचं बोलणं चाललंय तर पेलेटच्या डायचंही (घन नमुना केबीआरच्या पुडीत मिसळून ज्यात दाबून चकती, म्हणजे पेलेट, करतात तो साचा) सांगून ठेवतो, कारण ती बिचारी कायम विसरली जाते. आमच्या विभागात एका पोराने शुक्रवारी संध्याकाळी १३ मिमीची डाय केबीआरसकट तशीच टाकली आणि गावी गेला. सोमवारी दांडा आत घट्ट. मीठ, दमट हवा आणि लोखंड एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? दोन दिवस कोमट पाण्यात ठेवून सुटली, पण आरशासारख्या तोंडावर गंजाचे खड्डे पडले ते पडलेच. आता प्रत्येक पेलेटवर ते खड्डे उमटतात, ताम्रपटासारखे.

डायला पाण्याची भीती नाही, मिठाची आहे. हे प्लेटीच्या बरोबर उलटं असल्यामुळे पोरं गोंधळतात. डाय आधी भरपूर पाण्याने धुवायची म्हणजे मीठ निघून जातं, मग ॲसिटोन, मग दिव्याखाली कडकडीत वाळवून डेसिकेटरात. मोठ्या सुट्टीआधी तेलाचा पुसटसा हात, आणि सुट्टीनंतर ते तेल हेक्झेनने पूर्ण काढायचं. नाहीतर २९२० आणि २८५० ला तेलाची जोडगोळी प्रत्येकाच्या संयुगात हजर.

क्यूसी_वाली
यात भर. केबीआरची पूड १०५–११० अंशांना वाळवून ठेवावी आणि लागेल तेवढीच काढावी. ओला चमचा लोणच्याच्या बरणीत घालू नये हे घरी कळतं, तर लॅबमध्ये का कळू नये? आणि कोऱ्या पेलेटमध्ये १३८४ ला सुईसारखं एकटंच पीक दिसलं तर नमुन्याला दोष देऊ नका, ते पुडीतलं नायट्रेट असतं.

डचमराठी
एवढा खटाटोप कशाला? एटीआर (नमुना थेट हिऱ्यासारख्या स्फटिकावर ठेवून स्पेक्ट्रम घ्यायची जोडणी) घ्या आणि मोकळे व्हा. हिऱ्यावर थेंब टाकायचा, स्पेक्ट्रम घ्यायचा, आयसोप्रोपेनॉलने पुसायचं. मी इथे चार वर्षांत केबीआरला हात लावलेला नाही.

वऱ्हाडी_ठेचा
घ्या, आले. भाकरी नसेल तर केक खा म्हणणारे.

डचमराठी
अहो भांडताय काय, किंमत मलाही कळते. पण द्रवासाठी महिनाभर झिलई करत बसण्यापेक्षा दोन विभागांनी मिळून एक घ्यावं, एवढंच म्हणणं.

क्यूसी_वाली
@डचमराठी, आमच्याकडे दोन्ही आहे. एटीआरला देखभाल लागत नाही हा गैरसमज. हिरा कशालाही दाद देत नाही, पण स्वस्तातल्या जोडणीत झिंक सेलेनाइड असतं. त्याला पीएच ५ ते ९ च्या बाहेर न्यायचं नाही. आम्लात खरवडतं, आणि जोराचं आम्ल लागलं तर हायड्रोजन सेलेनाइड निघतो, तो विषारी आहे. लोखंडी स्पॅच्युला टेकवला की ओरखडा.

हिऱ्याचाही किस्सा सांगते. एकदा तीन दिवस प्रत्येक बॅचमध्ये तेच अनोळखी पीक येत होतं. चौकशी, कागदपत्रं, बैठका, सगळं झालं. हिरा दिवसातून वीसदा पुसत होतो. वरून नमुना दाबणारी टोच मात्र कुणीच पुसत नव्हतं, आधीचा नमुना तिथेच चिकटलेला! आता पुसल्यावर कोरा बॅकग्राउंड घेतल्याशिवाय पुढचा नमुना ठेवायला परवानगी नाही.

गोंयचो_पाव
कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या कोणी सुचवल्या नाहीत? आमच्या पाण्याच्या नमुन्यांना त्याच वापरतो. १०० मिलीत दीड-दोन मिलीग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही. पावसात अंगणात ठेवली तरी चालेल (ठेवू नका).

ढगाळ
चालेल, पण ११०० च्या खाली ती आंधळी. मुलांना फिंगरप्रिंटचा भाग (१५०० च्या खालचा, संयुगाची ओळख पटवणारा) दाखवायचा तर त्यातला बराचसा गायब. बेरियम फ्लोराइड ८०० पर्यंत नेतं, केबीआर ४०० पर्यंत. म्हणून तर लोक हे नखरे सहन करतात. १९०५ मध्ये कोब्लेंट्झ या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने शंभराहून जास्त संयुगांचे स्पेक्ट्रम छापले, ते घेतले होते सैंधवाच्या लोलकातून. तेव्हापासून हा धंदा मिठाचाच आहे.

सैंधव
कोणी हाक मारली?

नळीवाला
बंद सेलबद्दल (दोन खिडक्यांमध्ये पट्टी घालून द्रव भरायची डबी) दोन ओळी. टेफ्लॉनच्या पट्टीचा सेल असेल तर नमुना खालच्या तोंडातून भरा, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकत नाही. धुताना त्याच नमुन्याचा द्रावक, कोरडा, तीनचारदा. मग कोरडा नायट्रोजन हळू सोडा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेल आणि पाणी दोन्ही येतं. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, बोटांनीच. एकाच बाजूने पिळलात तर खिडकी तडकल्याचा आवाज येईल, आणि तो आवाज विसरता येत नाही.

खिडक्या चांगल्या आहेत का हे रिकामा सेल टाकून कळतं. दोन खिडक्यांमध्ये किरण मागेपुढे परावर्तित होतात, त्याच्या आलेखावर लाटा दिसल्या पाहिजेत. १५०० ते १००० मध्ये १० लाटा मोजल्या तर जाडी म्हणजे १० भागिले (२ गुणिले ५००), ०.०१ सेंमी, अर्थात ०.१ मिमी. लाटा पुसट झाल्या की समजा खिडक्यांची झिलई गेली.

पेणकर_बाप्पा
मूळ प्रश्नातलं १२६० अजून कोणी सोडवलेलं नाही. ताई, डेसिकेटरच्या झाकणाला ग्रीस कुठलं लावता?

मीठभाकर
@पेणकर_बाप्पा, सिलिकॉनचं व्हॅक्यूम ग्रीस. जूनमध्ये झाकण उघडेना म्हणून मामांनी भरपूर थापलं होतं. अरे देवा.

पेणकर_बाप्पा
मग संपलं. १२६० टोकदार, १०००–११०० रुंद, ८०० ला एक, हे सिलिकॉनचं आधार कार्ड आहे. झाकण काढताना बोटांना लागतं, बोटांवरून प्लेटीला. ॲसिटोनने ते निघत नाही, नुसतं पसरतं. हेक्झेनने निघेल. आणि झाकणाच्या कडेला ग्रीसची पातळ, आरपार दिसणारी रेघ पुरते. भाकरीला लोणी लावल्यासारखं नको.

मीठभाकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रीसचं कोडं सुटलं. पण एक प्रश्न राहतोच. ॲसिटोन आठ वर्षं तेच आहे, पाऊसही दरवर्षी तेवढाच पडतो. मग यंदाच काय झालं?

रंगाण्णा
सिलिका जेलचा रंग काय आहे? आणि कपाटातला बल्ब लागतो ना?

मीठभाकर
जेल निळं होतं, आता गुलाबी झालंय, म्हणजे भिजलंय. बल्ब लागतो की. उलट जानेवारीत ऊर्जाबचतीच्या मोहिमेत सगळ्या कॉलेजचे बल्ब बदलले तेव्हा कपाटातलाही बदलला. छान पांढरा उजेड पडतो.

रंगाण्णा
एलईडी?

मीठभाकर
नऊ वॅटचा.

गल्लीतला_न्यूटन
मंडळी, खुनी सापडला.

रंगाण्णा
ताई, तो बल्ब उजेडासाठी नव्हताच, उबेसाठी होता! ४० वॅटचा जुना पिवळा दिवा बंद कपाटात दहा अंशांचा फरक सहज पाडतो. २८ अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३८ अंशांना नेली की तिची आर्द्रता ४८ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण हवेची तहान वाढलेली. मग तुमच्या ॲसिटोनने रोज थोडं पाणी पाजलं तरी रात्रभरात ते वाळून जायचं. आठ वर्षं त्या दिव्याने तुमच्या चुका पोटात घातल्या. सुट्टीत जेल भिजलं, वाळवायला कोणी नव्हतं, आणि कपाटात ऊबही नव्हती.

जेल ११०–१२० अंशांना ओव्हनमध्ये निळं होईपर्यंत ठेवा. उघड्या हाताने चाळू नका, निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. आणि प्लेटी ओव्हनमधून किंवा दिव्याखालून काढून थेट गार ओट्यावर ठेवू नका, तडकतात. खाली कागदाची घडी घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
वीज वाचली, प्लेटी गेल्या. आता हिशेब कोण देईल?

मीठभाकर
दहा दिवसांनी लिहिते आहे. रविवारी ऊन पडलं तेव्हा हेक्झेनने ग्रीस काढलं आणि अण्णांच्या पद्धतीने झिलई केली. पहिली प्लेट माझ्याच हातून पाचर झाली. दुसरी पडून फुटली, ती मामांच्या नावावर लिहायची नाही, माझ्याच. उरलेल्या चार चांगल्या निघाल्या, खालचं वर्तमानपत्र वाचता येतं. कोऱ्या जोडीत १२६० गेलं. ३४०० ला अजून बारीकसा उंचवटा आहे, पण डोंगर म्हणण्यासारखा नाही. काल तेच इथाइल बेंझोएट परत दिलं, बारापैकी अकरा जणांनी एस्टर लिहिलं. बाराव्याने शेजाऱ्याची जुनी वही उतरवली होती.

४० वॅटचा बल्ब बाजारात मिळेना. शेवटी मामांनीच घरून आणला. कोंबडीच्या पिल्लांच्या खुराड्यात उबेला लावलेला होता.

गल्लीतला_न्यूटन
आणि पिल्लं?

मीठभाकर
मोठी झाली आहेत. विचारलं मी.